डॉक्टर मी आहे की तू?

हे वाक्य माझं आहे. मी एका मुलीला ऐकवलेलं. आज तीस वर्षं झाली, पण ते डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

मी तेव्हा इंटर्न होतो. एका सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी होती. रात्री अकराच्या सुमारास दम्याने धापा टाकणारं चार वर्षांचं पोर दाखल झालं. त्या काळी अशा पेशंटला ॲमिनोफायलिन शिरेतून द्यायचं, ही पाठच असायची. वजन केलं, डोस काढला, केसपेपरवर लिहिला आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. वॉर्डात जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. ती ट्रे घेऊन आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सर, ह्याची आई मावशींना सांगत होती की घरी ह्याला दिवसातनं तीनदा दम्याचं सिरप चालू आहे. तरी सगळा डोस भरू का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ते सिरप थिओफायलिनचं असेल तर ॲमिनोफायलिन म्हणजे त्याच घराण्यातलं औषध. आधीच अंगात असताना वरून पूर्ण डोस दिला तर पोराला झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या क्षणी मला ऐकू आलं ते एवढंच, की एक नर्सिंगची पोरगी मला विचारतेय. मी म्हणालो, "डॉक्टर मी आहे की तू?"

ती गप्प झाली. पण तिने इंजेक्शन भरलं नाही. वॉर्डच्या स्टाफ सिस्टरला जाऊन सांगितलं. सिस्टरने माझ्याशी वाद न घालता थेट वरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आईला सिरपची बाटली दाखवायला लावली आणि डोस बदलला. सकाळी पोरगं बिस्किट खात बसलं होतं. मला कोणी ओरडलं नाही, कसली चौकशी झाली नाही. सिस्टरने तर पहाटे चहासुद्धा दिला.

एका वॉर्डमावशीच्या कानावर पडलेली गोष्ट एका विद्यार्थिनीने उचलली, सिस्टरने पुढे नेली, म्हणून पोर वाचलं. त्या साखळीत एकच कडी कच्ची होती. ती म्हणजे मी.

आता कोणी म्हणेल, तुमचा स्वभावच तसा. असेलही. पण माझ्या बॅचमधले बरेच जण असंच बोलायचे. आम्ही घरून असे आलो नव्हतो. साडेपाच वर्षांत कुठेतरी हे शिकलो होतो. कोणी शिकवलं? कुठल्याच पुस्तकात तसा धडा नव्हता. पुढे या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचलं, त्यातून एक गोष्ट पक्की झाली. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट होऊ घातलेली पोरं एकमेकांकडे कशी बघतात, ते त्यांच्या स्वभावापेक्षा आपण ही शिक्षणं कशी उभी केली त्यावर ठरतं. आणि ते बदलता येतं, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या काही गावांनी दाखवून झालंय.

स्पर्शाची उतरंड

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ साली, जे. जे. रुग्णालयाला जोडून. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसं त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होती. म्हणजे आपल्याकडे पाश्चात्त्य वैद्यकाचं रीतसर शिक्षण पावणेदोनशे वर्षांहून जुनं. परिचर्येचं रीतसर शिक्षण मात्र त्यानंतर काही दशकांनी आलं, आणि आलं तेही वेगळ्या दाराने. कुठे मिशनरी संस्था, कुठे बायकांसाठीची वेगळी रुग्णालयं. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ चं. मिरजेला डॉ. वान्लेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ चं. डॉक्टरकी हा प्रतिष्ठेचा, सरकारदरबारी वजन असलेला पेशा म्हणून वाढला. नर्सिंग 'सेवा' म्हणून वाढलं. सेवा हा शब्द ऐकायला मोठा, पण आपल्याकडे सेवा करणाऱ्याला खुर्ची द्यायची पद्धत नाही.

त्यात आपली जात आणि सोवळंओवळं. रुग्णालयातली कामं बघा. नाडी बघणं, छाती ऐकणं, चिठ्ठी लिहिणं हे एका बाजूला. जखम धुणं, बेडपॅन देणं, ओकारी पुसणं, मृत शरीर स्वच्छ करणं हे दुसऱ्या बाजूला. कोण कशाला हात लावतो, यावरून माणसाची पायरी ठरवायची सवय आपल्या समाजाला शेकडो वर्षांची. तीच रुग्णालयात आली आणि पांढरे कपडे घालून उभी राहिली. डॉक्टर, त्याखाली सिस्टर, त्याखाली वॉर्डबॉय आणि मावशी, सगळ्यात खाली सफाई कामगार.

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि बायकांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाकडे वळवलं, तेव्हा हे केवढं धाडस होतं याची आज कल्पना येत नाही. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, जातपात न बघता मलमूत्र काढायचं! त्या बायका ज्या नजरा झेलत कामाला गेल्या, त्या नजरा पुरत्या गेलेल्या नाहीत. आजही लग्नाच्या बाजारात 'मुलगी डॉक्टर आहे' आणि 'मुलगी नर्स आहे' ही दोन वाक्यं कशी वेगवेगळ्या आवाजात बोलली जातात, ते आठवून बघा.

वेगळी दारं, वेगळ्या परिषदा

दुसरी पायरी कायद्याची. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्याचा आराखडा करायला भोर समिती नेमली गेली. अध्यक्ष सर जोसेफ भोर, जन्माने नाशिकचे. समितीचा अहवाल आला १९४६ साली. त्यातले आकडे आजही डोळे उघडतात. तेव्हाच्या हिंदुस्थानात साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता, आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स. म्हणजे डॉक्टर साधारण सत्तेचाळीस हजार आणि नर्सेस सात हजारांच्या घरात. एका नर्समागे जवळजवळ सात डॉक्टर! हे चित्र उलटं असायला हवं, हे समितीलाही कळत होतं.

त्याच समितीने आणखी एक मोठी शिफारस केली. तेव्हा दोन तऱ्हेचे डॉक्टर असत. एक विद्यापीठाचे पदवीधर आणि दुसरे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट. त्यातला दुसरा प्रकार बंद करून देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला 'मूलभूत डॉक्टर' घडवावा, असं बहुमताने ठरलं. हेतू चांगला होता, खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का म्हणून? पण परिणाम असा झाला की डॉक्टर आणि बाकीचे यांच्यामधली पायरी गेली. वर एक उंच ओटा राहिला आणि खाली अंगण.

मग एकेक परिषद आली. नर्सिंग परिषदेचा कायदा १९४७ चा. फार्मसीचा १९४८ चा. दंतवैद्यांचाही १९४८ चा. डॉक्टरांच्या परिषदेचा मूळ कायदा १९३३ चा, नवा १९५६ चा. फिजिओथेरपी, लॅब, एक्स-रे अशा कामांतल्या लोकांना देशपातळीवरचा कायदा मिळायला तर २०२१ उजाडलं. प्रत्येक पेशाचा दर्जा राखायला परिषद हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकीने आपला अभ्यासक्रम, आपली परीक्षा, आपलं वेळापत्रक आखलं. हे सगळे लोक पुढे चाळीस वर्षं एकाच पेशंटच्या खाटेभोवती उभे राहणार आहेत, याची काळजी कोणत्याच परिषदेच्या विषयपत्रिकेवर ठळकपणे आली नाही.

आमचंच बघा ना. मेडिकलचं वसतिगृह रस्त्याच्या अलीकडे, नर्सिंगचं पलीकडे. तीन वर्षं त्याच वॉर्डात फिरलो, त्याच पेशंटच्या शिरा शोधल्या. पण एकत्र तास एकही नाही, एकत्र केस एकही नाही. त्या रात्रीच्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. तिच्या लेखी मी 'सर', माझ्या लेखी ती 'अगं ए'.

एक जुना खेळ

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं मात्र नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी १९६७ मध्ये एक छोटा लेख लिहिला, 'डॉक्टर-नर्स खेळ' अशा अर्थाच्या नावाचा. त्यांचं म्हणणं असं, की या दोघांत एक न सांगितलेला खेळ चालतो. नर्सला पेशंटबद्दल काही सुचवायचं असेल तर तिने ते सुचवलं असं दिसता कामा नये. डॉक्टरला तिचा सल्ला हवा असेल तर त्याने तो मागितला असं दिसता कामा नये. उघड मतभेद झाला की खेळ बिघडला. आणि हा खेळ डॉक्टर विद्यार्थिदशेतच शिकतो.

हे वाचलं तेव्हा मी चमकलो. "सर, तरी सगळा डोस भरू का?" तो प्रश्न नव्हताच. ती सांगत होती, "सर, चुकताय." पण तसं म्हणायची तिला मुभा नव्हती, म्हणून तिने सूचनेला प्रश्नाचा पदर घेतला. आणि मला खेळाचे नियमही धड येत नव्हते, म्हणून तो प्रश्नही मला टोचला.

पुढे विद्यार्थ्यांची ही वृत्ती मोजायचे प्रयत्न झाले. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या पार्सेल आणि ब्लाय या दोघांनी १९ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकलो तर माझा फायदा होईल का, पेशंटचा होईल का, अशा अर्थाची विधानं आणि त्यावर सहमत की असहमत हे सांगायचं. ही प्रश्नावली पुढे अनेक देशांत वापरली गेली. त्यातून पुनःपुन्हा दिसलेली एक गोष्ट अशी, की एकत्र काम करण्याबद्दल सगळ्याच शाखांची पोरं एकंदरीत चांगलं बोलतात, पण बऱ्याच पाहण्यांत नर्सिंगचे विद्यार्थी मेडिकलच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त उत्सुक निघतात. यात नवल काय? जो ओट्यावर उभा आहे त्याला पायऱ्यांची अडचण जाणवत नाही. अंगणातल्याला जाणवते.

किंमत कोण मोजतं?

हा मानापमानाचाच प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. याची किंमत पेशंट मोजतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांमध्ये मृत्यूंचं प्रमाण जास्त होतं. तिथल्या एका भूलतज्ज्ञाने वर्षानुवर्षं धोक्याची घंटा वाजवली, ती ऐकली गेली नाही. शेवटी सार्वजनिक चौकशी झाली आणि २००१ मध्ये अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात वर्षाच्या आतली तीसहून जास्त बाळं अशी दगावली, जी त्याच तऱ्हेच्या इतर ठिकाणी बहुधा वाचली असती, असा त्याचा निष्कर्ष. अहवालाने एखाददुसऱ्या सर्जनवर सगळं ढकललं नाही. संघ म्हणून काम करण्यातलं अपयश आणि मूठभरांच्या हातात एकवटलेली सत्ता यावर बोट ठेवलं. डॉक्टर, नर्स आणि इतरांच्या शिक्षणाचा काही भाग एकत्र व्हावा, अशी शिफारसही केली.

दुसरं उदाहरण थोडं आपल्या जवळचं. डॉ. अतुल गावंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतले सर्जन आणि लेखक, वडील मूळचे आपल्या उमरखेड भागातले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने शस्त्रक्रियेआधी वाचायची एक साधी यादी केली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. त्या यादीत एक ओळ आहे. चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं. का? तर ज्याने एकदा नाव सांगितलंय, तो गरज पडली तर तोंड उघडतो.

पण पुढचंही सांगायला हवं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची केली. शंभरएक रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला आणि मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नाही. यावर बरीच चर्चा झाली. अनेकांचं म्हणणं पडलं की कागदावर खूण करणं वेगळं आणि एकमेकांचं ऐकणं वेगळं. मलाही तेच पटतं. फॉर्म भरून संघ होत नाही. आपल्याकडे तर फॉर्म भरण्यात आपला हात कोण धरणार!

आपल्याच मातीतली उत्तरं

मग संघ होतो कसा? यासाठी मला परदेशात जायची गरज वाटत नाही.

सेवाग्रामला १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ज्या आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली, तिथेच. तिथे नवीन विद्यार्थी आला की आधी आश्रमात शिबिर. श्रमदान, सफाई, सूतकताई. मग प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं, विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं द्यायची आणि ती वर्षानुवर्षं सांभाळायची. 'झाडू हातात धरून कोणी डॉक्टर होतं का' असं म्हणून हसता येतं. पण वर स्पर्शाच्या उतरंडीचं बोललो ना, तिच्यावरचा हा सरळ उपाय होता. ज्याने स्वतः झाडलंय, तो झाडणाऱ्याला 'ए' म्हणताना एकदा तरी अडखळतो.

दुसरं जामखेड. अहमदनगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणायचं, कायमचा दुष्काळी तालुका. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं इथे आलं. त्यांच्या लवकरच लक्षात आलं की एकट्या डॉक्टरच्या जिवावर गावं निरोगी होणार नाहीत. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी दलित, अनेकींना अक्षरओळख नाही. त्यांना गर्भारपण, बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुपोषण शिकवलं. एकदा शिकवून सोडून दिलं नाही. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपापल्या गावचे पेशंट, आपापल्या चुका सगळ्यांसमोर मांडत. गावभेटीला डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ता असा सगळा चमू मिळून जायचा. तिथे ती गावातली बाई डॉक्टरला सांगायची, आज कोणाच्या घरी जायचं.

परिणाम? १९७१ च्या सुमारास तिथला बालमृत्युदर हजारी १७६ होता. नव्वदच्या दशकात तो तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचं प्रकरण होतं. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेसाठी डॉक्टरपासून गावातल्या कार्यकर्त्यापर्यंत सगळ्यांनी 'आरोग्य चमू' म्हणून काम करावं, असं तत्त्व मांडलं गेलं, त्यामागच्या अनुभवांत आपलं जामखेडही आहे.

मला सगळ्यात भावते ती वेगळीच गोष्ट. जामखेडला देशोदेशीचे डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी शिकायला येतात, आणि त्यांच्या शिक्षकांमध्ये या गावातल्या बायकाही असतात. विचार करा, एमबीबीएसचा पोरगा खाली बसलाय आणि चार यत्ताही न शिकलेली बाई त्याला बाळंतिणीचा धोका कसा ओळखायचा ते सांगतेय. त्या पोराच्या मनातली उतरंड उलटी करायला याहून मोठं व्याख्यान लागेल का?

तिसरं गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' सुरू केली. गावातल्या आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. जंतुदोषाची लक्षणं ओळखणं, आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणंसुद्धा. अल्पशिक्षित बाईच्या हातात इंजेक्शन? शंका घेणारे डॉक्टर कमी नव्हते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे २०११ पासून आशाताईंमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्याची मुळं इथे आहेत.

या तिन्ही ठिकाणी 'सांघिक वृत्ती' या विषयावर भाषणं झोडून ती आली नाही. माणसांना एकाच कामावर, एकाच पेशंटसाठी, एकमेकांवर अवलंबून राहावं लागेल अशा जागी ठेवलं गेलं. वृत्ती मागून आली.

एक विद्यापीठ, वेगवेगळ्या भिंती

आता आजचं बघू. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळे एका छताखाली. ज्या भोरांच्या अहवालाने आपल्या आरोग्यव्यवस्थेचा पाया घातला, त्यांच्याच जन्मगावी. केवढी संधी! आज राज्यातल्या या पोरांच्या पदवीवर एकच शिक्का असतो. पण पदवी हातात येईपर्यंत त्यातले किती जण एकमेकांशेजारी बसून एक तरी केस शिकलेले असतात? तुमच्या घरात, नात्यात कोणी शिकत असेल तर विचारून बघा.

२०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आलाय. त्यात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्यात, आणि त्यातली एक आहे आरोग्यसंघाचा नेता आणि सदस्य. 'सदस्य' हा शब्द वाचून मला बरं वाटलं. संघात काम कसं करावं यावर एक पाठही आहे. पण वर्गात फक्त मेडिकलचीच पोरं बसवून संघाचा पाठ शिकवणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणं शिकवण्यासारखं आहे. संघातले बाकीचे रस्त्यापलीकडच्या वर्गात बसलेत ना!

स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून वेगवेगळ्या आरोग्यशाखांच्या पोरांना सुरुवातीचे काही आठवडे एकत्र शिकवायला घेतलं. १९९६ मध्ये तिथे एक वॉर्डच असा उघडला, जिथे निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून, शिक्षकांच्या देखरेखीखाली पेशंट सांभाळतात. आपल्याकडे वॉर्ड आहेत, पेशंट तर रग्गड आहेत, विद्यार्थी आहेत. आपल्याला काय लागतं? एक समान वेळापत्रक. आठवड्यातून एक दिवस मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओच्या पोरांनी मिळून एकच पेशंट बघायचा आणि मिळून मांडायचा. वर्षातून एक शिबिर एकत्र. आणि इंटर्नशिपचे पहिले तीन दिवस डॉक्टरने स्टाफ सिस्टरच्या हाताखाली काढायचे. याला नवी इमारत लागत नाही, निविदा लागत नाही. कदाचित म्हणूनच होत नाही, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. "उद्या काही झालं तर कोर्टात कोण उभं राहणार? डॉक्टरच ना? मग शेवटचा शब्द त्याचाच." मान्य. शेवटचा शब्द कोणाचा तरी असावाच लागतो. पण शेवटचा शब्द माझा, याचा अर्थ एकमेव शब्द माझा असा होत नाही. उलट जबाबदारी माझ्या गळ्यात असेल तर चूक दाखवणारं माणूस मला सगळ्यात जास्त हवं. त्या रात्री ती मुलगी गप्प बसली असती तर कोर्टाचं सोडा, मी आरशात कसा बघितलं असतं?

दुसरा आक्षेप असा, की एका नर्सकडे चाळीस-पन्नास पेशंट असतील आणि इंटर्न छत्तीस तास जागा असेल, तिथे संघभावना कुठून येणार? हेही खरं. थकलेला माणूस तुसडा होतो. म्हणून रिक्त जागा भरणं हासुद्धा या विषयाचाच भाग आहे. पण जागा भरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर भोर समितीपासून आपण थांबलोच आहोत.

आणि आपण?

शेवटचा मुद्दा तुमचा-आमचा. ही उतरंड फक्त कॉलेजात शिकवली जात नाही, पेशंटचे नातेवाईकही रोज शिकवतात. सिस्टर येऊन सांगतात, "आज आजोबांना पाणी कमी द्या." आपण मान हलवतो आणि त्या वळल्या की विचारतो, "डॉक्टर कधी येणार?" तेच वाक्य डॉक्टर बोलले की हात जोडतो. फार्मासिस्ट म्हणतो, "ही दोन औषधं एकत्र चालतात का, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या," तर आपण वैतागतो, "तुम्ही फक्त गोळ्या द्या हो." वॉर्डात उभा असलेला विशीतला विद्यार्थी हे सगळं बघत असतो. कोणाचं ऐकायचं असतं आणि कोणाचं नाही, हे तो आपल्याकडून शिकतो.

तेव्हा पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात तर एवढंच करा. सिस्टरना, मावशींना त्यांचं नाव विचारा. त्यांनी सांगितलेलं डॉक्टरांच्या कानावर घालताना "अमुक सिस्टर म्हणाल्या" असं नाव घेऊन घाला. आणि तुमच्या गावात मेडिकल किंवा नर्सिंग कॉलेज असेल, तिथे तुमची कोणाशी ओळख असेल, तर विचारा की ही पोरं एकत्र कधी शिकतात. प्रश्न वारंवार विचारला गेला की वेळापत्रकं बदलतात.

त्या मुलीचं नाव मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी बदलली आणि विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर विचारायची लाज वाटली. आज ती पन्नाशीच्या पुढे असेल, कुठेतरी सीनिअर सिस्टर, कदाचित नर्सिंग कॉलेजात ट्यूटर. तिच्यापर्यंत ही पोस्ट पोचली तर एवढंच म्हणायचंय.

ताई, त्या रात्री डॉक्टर तुम्ही होतात.